अर्थिंग

मिरजेत, स्टेशन रोडच्या आतल्या बोळात
बाबालाल शिकलगारचं दुकान. पाटी नाही.
दारावर एक मेलेला डायनॅमो टांगलाय, तीच पाटी.

ट्रकच्या काढून ठेवलेल्या सीटवर बसले.
त्र्याण्णवची प्रीमियर. श्रीरंगची, माझ्या भावाची.
म्हटलं, वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या,
तरी सकाळी सेल मारला की खोकते नुसती,
आणि तो लाल दिवा पुरता विझत नाही,
राखेखाली विस्तव राहतो तसा राहतो.
तिसरी घेऊ का?

"थांबा की मॅडम.
हंडा गळतोय का नळालाच पाणी न्हाई,
ते तरी बघू."

पट्टा अंगठ्यानं दाबला. बोटभर झोल, ठीक.
गाडी चालू ठेवली, लाइट लावून.
मीटरच्या दोन सुया, एक लाल, एक काळी.
अल्टरनेटरवर चौदा पूर्णांक एक.
बॅटरीवर बारा पूर्णांक तीन.
"निघतंय तेवढं पोचत न्हाई. मधी कोण खातंय?"

माझी एकतीस वर्षं टपालात गेली.
हा प्रश्न मला कळतो.

लाल वायरच्या वाटेवर शून्य पूर्णांक एक.
तिकडं चोर नाही.
मग एक सुई बॅटरीच्या उण्या टोकाला,
दुसरी इंजिनच्या अंगाला.
"हितं शून्य पायजे," म्हणाला, आणि गप्प झाला.
शून्यासाठी असा श्वास धरलेला माणूस
मी पहिल्यांदा पाहिला.

एक पूर्णांक सात.

मी मनात बेरीज केली. हिशेब जुळला.

पोतं अंथरून तो गाडीखाली सरकला.
आवाज तेवढा येत राहिला:
"जातंय तेवढं परत यायला लागतं, मॅडम.
परतीची वाट म्हंजे ही पट्टी."
तांब्याची, वेणीसारखी विणलेली. धड होती.
तिच्या टोकाखाली चंदेरी रंग.

"ह्यो कुणी मारला?"

मी.
म्हणजे मी सांगून मारून घेतला,
श्रीरंग गेला त्याच्या दुसऱ्या महिन्यात.
बॉनेट उघडलं, गंज दिसला, बघवेना.
इंजिनसुद्धा नव्यासारखं करा म्हटलं होतं,
कुठं म्हणून जागा सोडू नका.

"रंगातनं करंट जात न्हाई,"
एवढंच बोलला.
पॉलिश कागदाचा तुकडा घेऊन घासत राहिला,
रुपयाएवढी जागा,
काळं लोखंड लागेपर्यंत, मग पांढरं लागेपर्यंत.
बोल्ट आवळला. वरून बोटभर व्हॅसलीन.

बॅटरीवर तेरा पूर्णांक नऊ.
लाल दिवा नेमका कधी गेला
ते बघायचं राहून गेलं.
हातावर पडलेली चंदेरी पूड
मी पदराला पुसत होते.

"किती?"
"ऐंशी द्या. त्या जुन्या बॅटऱ्या कुठायत?"
भंगारात दिल्या. किलोवर.
"चांगल्या हुत्या," तो म्हणाला,
रॉकेलनं हात धुता धुता.
"दोन्ही?"
"दोन्ही."