घट

हिंकलीतला मोज्यांचा कारखाना बंद पडला
आणि त्याच छपराखाली आम्ही गाडी बांधायला घेतली.
भिंतींना अजून लोकरीचा वास होता,
झाडताना फटींतून करड्या धाग्याचं टोक निघायचं.
साल एकोणनव्वद. माझं काम वजन.
दुसरं काही नाही : येईल तो भाग काट्यावर ठेवायचा,
वहीत ग्रॅम लिहायचे,
आणि डेस्मंड क्वेलकडे बघून मान हलवायची.
बहुधा नकाराची.

हुपरीच्या पोतदारांची मुलगी मी.
पैंजण घासताना उडते ती चांदी,
तिला आमच्यात घट म्हणतात;
ती झाडून, राखेतून धुऊन परत मिळवतात.
क्वेलना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले,
"मला उलटं हवंय, मिस पॉटडार. घट वाढवा."

मग सुरू झालं.
ब्रेकच्या पायट्याला भोकं : चौदा ग्रॅम.
गिअरच्या दांड्यात पोकळी : बावीस.
आरशाची काच पातळ केली,
ती दीडशे मैलांवर थरथरली,
परत जाड केली. त्या दिवशी जेवताना कुणी बोललं नाही.
टायटॅनियमचे बोल्ट यायचे
पुडीतल्या औषधासारखे, एकेक वेगळा.
इंजिन तेवढं आलं तसंच राहिलं,
बारा सिलिंडरचं, क्रेनच्या साखळीला लोंबकळत,
लग्नाला उशिरा पोचलेल्या मामासारखं,
आपल्या आकाराची जराही लाज नसलेलं.
ते चालकाच्या पाठीमागे, अगदी मधोमध बसवलं
आणि सगळी गाडी त्याच्याभोवती सरकून बसली.

सांगाडा कार्बनचा.
ते कापड फ्रीझरमध्ये असायचं,
डोरीन ब्लेविटच्या गोठवलेल्या वाटाण्यांशेजारी.
डोरीन इथेच मोजे विणायची, तेवीस वर्षं,
टाच वळवण्यात हातखंडा.
पोरगेले इंजिनिअर नकाशावर कोन दाखवायचे,
ती कापड दोन बोटांत धरून म्हणायची,
"इथे हे वळणार नाही. सुरकुती पडेल."
पडायची.
शेवटी चाकावरच्या कमानीला तिनं टाचेचाच काट दिला,
जमिनीवर बसून, तोंडात टाचण्या धरून,
आणि भट्टीतून कवच निघालं ते काळं, सलग,
टिचकी मारली तर वाळल्या भोपळ्यासारखं वाजणारं.

ब्याण्णवच्या फेब्रुवारीत गाडी पहिल्यांदा पुरी उभी राहिली.
चार चाकांखाली चार काटे.
माझ्या वहीची बेरीज : एक हजार अठरा किलो.
काट्यांची : त्याहून चार किलो सहाशे ग्रॅम जास्त.
पुन्हा बेरीज. तेल वजा केलं, पाणी वजा केलं.
क्वेलनी गळ्यातला टाय काढून बाकावर ठेवला,
जणू तोच गाडीत शिरला होता.
रात्री दीडपर्यंत आम्ही बॅटऱ्या घेऊन तिच्या पोटाखाली पडून,
कुठे पाना विसरलाय, कुठे चिंधी राहिलीय,
आणि डोरीन कोट घालून दारात, शेवटची बस चुकलेली.
"डिंक धरलात का?" ती म्हणाली.

नव्हता धरला.
एकूण एक भाग वहीत होता,
दोन भागांच्या मधलं काहीच नव्हतं.

सात गाड्या झाल्या. आठवीचं नुसतंच कवच,
मग बँकेची माणसं आली, आणि काटेही विकले गेले.
आता त्या सातांतली एखादी लिलावात निघते
तेव्हा आकड्यातली शून्यं मला मोजता येत नाहीत,
मला, जिनं तिचे वॉशर मोजलेत.
वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर
क्वेलच्या तिरक्या अक्षरात : डिंक, ४६००.
खाली दोन रेघा, दुसरी कागद फाटेपर्यंत दाबलेली.

डोरीन त्या गाडीत कधी बसली नाही.
एकदा क्वेलनी स्वतः दार उघडून धरलं होतं,
ती हात पुसत म्हणाली,
"नको बाई. ही लगेच वहीत लिहील."