काडी

आमच्या अवार भाषेत आग आणि दात
यांच्यात एका काडीचं अंतर आहे.
दात म्हणताना जीभ सहज सुटते.
आग म्हणताना घसा क्षणभर दार लावून घेतो,
आणि ते लावलेलं दार कागदावर दाखवायला
एक उभी रेघ. तिचं नावच काडी.

मखाचकलामध्ये फेब्रुवारी. कॅस्पियनवरचा वारा
खिडकीच्या फटीत शीळ घालतोय,
आणि शुआयनात बाई माझ्या खांद्यावरून
पडद्यात डोकं घालून विचारतायत,
“आपल्या कोशात आग दोनदा कशी रे?”

दोनदा नाही, बाई. पाचदा.
कुणी एकचा आकडा टाकलाय, हाताशी असतो म्हणून,
कुणी लॅटिनमधला मोठा आय, कुणी धाकटा एल,
गुनीबच्या एका गृहस्थांनी तर उद्गारचिन्ह
(आग म्हणजे ओरडायचीच गोष्ट, असं वाटलं असेल).
ते सोडलं तर डोळ्याला सगळ्या जुळ्या बहिणी,
यंत्राला मात्र एकीची दुसरीशी
काडीचीही ओळख नाही.
शोधणाऱ्यानं एका दारावर थाप मारावी
आणि शब्द भलत्याच दारामागे निजलेला.

ठरलं मग. काडी एकच, खरी.
नियमांच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलं,
आणि उत्साहाच्या भरात, एका रात्रीत,
मी कोशातले झाडून सगळे एक बदलून टाकले.

सकाळी बाईंचा फोन:
“माझा जन्म काडी-नऊ-चार-सहा साली झाला म्हणे.”
सनावळ्या, पानांचे आकडे, बाराव्या धड्यातला बारा,
सगळ्यांचाच घसा आवळलेला.
तांदळातले खडे वेचावेत तसे
तीन आठवडे वेचत बसलो.

शेवटी उरली उदाहरणं.
त्यात एक वाक्य बाईंच्या नवऱ्याचं,
नोरिल्स्कहून टाइप करून पाठवलेलं:
चुलीत आग आहे ना अजून?
खाणीच्या ऑफिसातल्या यंत्राला काडी नव्हती,
तिच्या जागी एकचा आकडा.

मी म्हटलं, हे असंच राहू दे. त्यांच्या हातचं आहे.
बाई बराच वेळ गप्प.
मग चष्मा पुसत म्हणाल्या,
“घसा त्याचा होता. आकडा ऑफिसचा.
आणि असा ठेवला, तर आग शोधणाऱ्या पोराला
तो सापडेल?”
नाही सापडणार.
“मग?”

मी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.
खरी काडी कुठल्याच कळीवर नसते,
तिचा क्रमांक द्यावा लागतो.
शून्य, चार, सी, शून्य. मी सांगत गेलो,
त्या एकेक कळ हुडकत गेल्या,
चुकल्या, खोडलं, पुन्हा.

आता आग शोधली की सातव्या ओळीत तो येतो.
खाली पत्राची तारीख.
तिच्यातला एक अजून एकच आहे ना,
हे मी अधूनमधून
उगाचच उघडून बघतो.