पाचवं घर

वाल्पाराइसोत सपाट असं काही नाही.
माझे वडील, दोन एवारिस्तो, एकतीस वर्षं
टेकडीच्या लिफ्टचा दांडा ओढत होते.
खाली बंदर, वर गल्ल्या,
मधे लाकडी डबी, नऊ माणसं, एखादी मासळीची पाटी,
सगळी एकदम, तेवढीच वर.
कुणाचं कुणापासलं अंतर बदलायचं नाही.
चिडलेली बाई वरही चिडलेलीच उतरायची,
झोपलेलं पोर झोपलेलंच.

ट्रान्सपोजचं बटण दाबून धरते,
पाच अर्धस्वर वर म्हणते,
आणि सोळाच्या सोळा घरं
त्या डबीसारखी उचलली जातात.
चाल तीच. उंची तेवढी नवी.

स्केल मात्र जिना आहे.
आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत एकशे अठरा पायऱ्या,
दोन पायऱ्यांच्या मधे
उभं राहता आलेलं नाही कुणाला.
करेक्शन लावलं की सूर तसाच टेकतो,
जवळच्या पायरीवर, मुकाट.

मार्चमधे लिफ्ट दुरुस्तीला बंद झाली.
वडील घरी बसले, आणि शिट्टी घरात आली.
डबी सुटताना वाजवायचे ती, सोळा सुरांची.
पाचवा सूर जरा पडलेला:
कोमल म्हणावा तर चढा,
शुद्ध म्हणावा तर उतरलेला.
खालून तो ऐकू आला की
आई किटली चढवायची.
बदलीच्या माणसाची शिट्टी अगदी सुरात असे.
तिला किटली चढत नसे.

रात्री दोनपर्यंत जागून
एकेक खुंटी पिळत मी ती यंत्रात बसवली.
पाचव्या खुंटीलाच अर्धा तास गेला.

यंत्र शेजारच्या लेओकादिओचं, तीन हप्ते बाकी असलेलं.
तो पट्टी सोडत नाही;
शाळेत पट्टी खाल्लीही आहे त्याने भरपूर.
म्हणाला, करेक्शन लाव,
नाहीतर माझा बास तुझ्या शिट्टीशी भांडेल.
आणि ठरव,
आधी सुधारायचं मग हलवायचं,
की आधी हलवायचं, मग सुधारायचं?

मला वाटलं, एकूण एकच.
एकच नाही.
आधी सुधारलं तर जिनासुद्धा डबीत बसतो
आणि सगळ्यांबरोबर वर जातो.
आधी हलवलं तर डबी वर पोचते,
जिना मात्र जागच्या जागी.
मग जो तो मिळेल त्या पायरीवर उतरतो,
कुणी कुणाच्या जवळ येतं, कुणी लांब पडतं,
आणि चिडलेली बाई
चक्क हसत बाहेर येते.

तेवढ्यात वडील आले, तोंडात ब्रश.
सुधारलेली शिट्टी चालू होती.
थबकले.
फेस सांभाळत म्हणाले, हाच!
हाच तो सूर.
पुढचा दात पडल्यापासून लागतच नव्हता मला.

मी करेक्शन बंद केलं.
हे कोण?
तुम्ही.
त्यांनी तोंड वाकडं केलं.
इतकी वर्षं कसं गं सहन केलंत?

किटलीचं मी काही बोलले नाही.

हल्ली रोज संध्याकाळी ते यंत्राबरोबर सराव करतात,
खुर्ची ओढून, पाठ ताठ करून,
दांडा ओढायला बसावं तसे.
चार घरं जोडीने जातात.
पाचव्यावर यंत्र आपल्या पायरीवर,
ते केसभर खाली,
भुवया उचलून, ओठ ताणून,
जणू भुवयांनीच सूर चढेल.

एकदा, फक्त एकदा,
पाचव्याचा दिवा लागायच्या आत
मी अंगठ्याने करेक्शन बंद केलं,
सहाव्याआधी परत चालू.
यंत्र खाली आलं, त्यांच्या शेजारी.

लागला! वडील ओरडले. ऐकलंस?

ऐकलं.
स्वयंपाकघरात आईने
काडी ओढल्याचा आवाजही ऐकला.