पहिला हात

पहिला हात पातळ मारायचा, बाबा म्हणायचे,
भिंतीला कळताही कामा नये की आपण आलोय.

फणसे पेंटर. स्नेहलतागंज ते जुनी इंदूर,
सायकलच्या दांड्याला शिडी बांधलेली,
हँडलला डिस्टेंपरचा डबा
आणि मागच्या खिशात चार इंची ब्रश,
इतर लोक कंगवा ठेवतात तसा.

माझा ब्रश दोन बोटांएवढा. गोल, दाट,
तान्ह्याच्या टाळूसारखा मऊ.
रामबागेत दोन खुर्च्यांचं पार्लर,
आरशाभोवती बारा दिवे, त्यातले नऊ लागतात.
फाउंडेशन आधी हाताच्या पाठीवर घ्यायचं,
ब्रशचं नुसतं टोक बुडवायचं,
नाकाकडून कानाकडे जायचं,
ओढायचं नाही, टिपत टिपत,
आणि जबड्याच्या कडेला आल्यावर
हळूच मानेत विरवून टाकायचं.
रेघ दिसली की काम फसलं.
हे मला कोर्समध्ये शिकवलं, अठरा हजार घेऊन.
घरी फुकटच शिकले होते,
लोकांच्या छतांखाली मान वर करून,
डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी.

काल शर्वाणीची आई खुर्चीमागे उभी.
"दोन शेड वरचं लाव गं,
व्हिडिओत फार सावळी येते."
शर्वाणी आरशात बघत नव्हती.
मेंदीचे हात मांडीवर उताणे ठेवून
कुणी काही आणून देईल अशी बसली होती.
मी दोन्ही बाटल्या उघडल्या.
डाव्या गालावर तिची शेड, उजव्यावर आईची.
नऊ दिव्यांत काकू खूश.
मग दोघींना गॅलरीत नेलं, उन्हात.
उजवा गाल
मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता.
"काकू, चुन्याच्या भिंतीला टेकलं
की चुना खांद्यावर येतो.
नवरदेवाची शेरवानी कुठल्या रंगाची आहे?"
शर्वाणी फिसकन हसली,
एका तोंडात दोन वेगळ्या मुली हसल्यासारखं.
काकू गप्प. खाली रिक्षा वळेपर्यंत गप्प.
मग म्हणाल्या, "बरं, एक शेड तरी."

लावली मी. खोटं कशाला सांगू.
साडेसात हजार आगाऊ घेतले होते.
अर्धी तिची, अर्धी आईची,
हाताच्या पाठीवर कालवली.
त्या रंगाला नंबर नाही,
कंपनीला तो ठाऊकही नसेल.

बाबांचा उजवा हात आता थरथरतो.
शिडी विकली. सायकल आहे, हवा नाही.
नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी, एक दिवसाआड,
मोरीत पाट टाकून माझे ब्रश धुतात.
शाम्पूचा थेंब तळहातावर, त्यात ब्रश गोल गोल.
म्हणतात, थरथरीचा इथे फायदाच,
मेहनत आपोआप होते.
पाण्यात उतरणारा रंग निरखतात.
"ही गव्हाळ.
ही तापातून उठलेली, पिवळं जास्त लावलंस.
आणि ही कोण गं? दोन रंग एकात?"
मी टॉवेल शोधत राहिले.
"अस्तर नीट होतं ना?"
"होतं."
"मग निभेल."

पिळून, केसांना चिमटीने आकार देऊन
ब्रश आडवे मांडतात, टोकं जरा खाली.
उभे ठेवले तर पाणी पत्र्यात उतरतं, डिंक सुटतो,
मग केस जातात. आधी एखाददुसरा,
मग उशीवर पुंजकाच.
ब्रशला कुठली उशी,
हे आम्हा दोघांपैकी कुणी म्हणत नाही.
आईला जाऊन सहा वर्षं झाली.

आज रात्री आमटीभात.
कालवताना त्यांच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं.
नखाच्या कडेला, जुन्या डिस्टेंपरच्या शेजारी,
थोडी शर्वाणी राहिली होती.