एफ एक्केचाळीस टिंब नऊ

उमानाकच्या दवाखान्यात मी दुभाषी.
डावीकडून ग्रीनलँडिक येतं, उजवीकडे डॅनिश जातं,
मधे मी आणि एक थर्मास.

डॉक्टर ब्रून ऑर्हूसहून आलेला, तिशीतला.
त्याच्यापुढे नवं कोरं पुस्तक,
भीतीची वाटणी त्यात आधीच झालेली:
चाळीसमध्ये ती, जिच्याकडे बोट दाखवता येतं,
कुत्रा, उंची, चारचौघांत उभं राहणं.
एक्केचाळीसमध्ये ती, जी बोट दाखवू देत नाही.
"तर मग," ब्रून म्हणतो, "कसली भीती वाटते?"

तोबियार्सी थर्मासकडे बघत सांगतो.
वादळाची नाही. वादळात हात कामात असतात.
वॉलरसची नाही.
"वारा पडतो. पाणी काच होतं.
वर सूर्य, खाली सूर्य.
मी सीलची वाट बघत, मान न हलवता.
मग कयाकचं टोक लांब लांब जायला लागतं.
कंबरेखाली गार. पाणी आत शिरलंय वाटतं,
चाचपावं तर कोरडं.
वल्हं उचलायचं असतं, उचलवत नाही.
हललो की उलटलो."

धडधड, घाम, मरणाची धास्ती,
हे डॅनिशमध्ये तयार मिळतं.
"वर सूर्य, खाली सूर्य" पाशी मी अडते,
तसंच ठेवते.

ब्रूनचं पेन चाळीसवर. पाण्याची?
पण हा तर रोज पाण्यावर.
मोकळ्या जागेची? तोबियार्सी पहिल्यांदाच हसतो,
"बंद जागा इथे कुठाय?"
पेन एक्केचाळीसवर. विनाकारण झटका?
पण कारण आहे की. काहीच नसणं, हेच कारण.
लाट नाही, वारा नाही, दुसरं माणूस नाही.
नसण्याला नंबर आहे का, ब्रून विचारतो,
मला की पुस्तकाला, कळत नाही.

"थांबतं कसं?"
"कुणी शेजारी आलं,
माझ्या कयाकवर नुसता हात ठेवला,
की कयाक पुन्हा कयाकएवढी होते."
"आणि नाही आलं कुणी?"

त्याचा भाऊ अशाच एका निवांत सकाळी गेला.
हे त्याने सांगितलं नाही. गावाला माहीत आहे.
न बोललेलं दुभाष्याने बोलू नये, असा नियम.
मी बोलले.

ब्रून पुस्तकात बोट ठेवून
बराच वेळ बसला.
मग लिहिलं: एक्केचाळीस टिंब नऊ, अनिर्दिष्ट.
नऊ म्हणजे उरलंसुरलं.
आणि समासात, एकेक अक्षर मला विचारत,
आमचा शब्द: नांगिआर्नेक.

पुढल्या वर्षी कागद नूकला गेले,
संगणकात चढवायला.
नऊ चढला.
समासाची सोय नव्हती.