दहा मिनिटं

निकुंभ म्हणाला, इथून सगळं दहा मिनिटांवर आहे, काका.
मी विचारलं, कशाने?
तो हसला. हातात किल्ल्यांचा जुडगा
आणि खाली त्याची पांढरी गाडी, एसी चालू ठेवून उभी.

गंगापूर रोडच्या पुढे, जिथे परवापर्यंत द्राक्षांचे मांडव होते,
तिथल्या चौदाव्या मजल्यावर आम्ही वारा बघून आलो.
वारा छान होता.
दूध कुठे मिळतं विचारलं,
तर म्हणाला, अ‍ॅपवर.
वाणी? अ‍ॅपवर.
आणि माणूस? हे मृदुलाने विचारलं, मी नाही.

पाथर्डी फाटा बघितला, म्हसरूळ बघितलं,
अशोका मार्गावरचा एक फ्लॅट, ज्याच्या ओट्याशी उभं राहिलं
की शेजारच्यांची फोडणी कशाची ते कळतं.
प्रत्येक ठिकाणी मी खाली उतरून
गेटपासून बस स्टॉपपर्यंत चालत गेलो.
निकुंभ मागून गाडी हळूहळू आणायचा,
वरातीमागे जनरेटरची गाडी येते तशी.

शेजाऱ्यांना सांगितलं, व्यायाम.
मुलाला फोनवर, पेट्रोल बघ ना कुठे गेलंय.
मेव्हण्याला प्रदूषण सांगितलं, तो गप्पच बसला,
प्रदूषणापुढे कुणाला काही बोलता येत नाही.

खरं कारण कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी
एका कागदावर काढून दिलं होतं:
एक गोल, आणि कडेने आत येणारी शाई.
काचबिंदू.
किती सुबक शब्द. दुकानात मागावा,
शंभर ग्रॅम द्या हो, तोरणात ओवायला.
अजून वर्षं आहेत, त्या म्हणाल्या, पण गाडी आता नको.
किती वर्षं, ते काही कागदावर काढलं नाही.

गाडी ओझरच्या एका पोराने नेली.
नेता नेताच आरशाला काळा गोंडा बांधला.
दुसरा गिअर जरा अडतो, मी त्याला सांगितलं,
मग वाटलं, कशाला सांगितलं,
तिचं-माझं तेवढं एकच गुपित होतं.

शेवटी घेतलं ते अशोक स्तंभाच्या मागच्या गल्लीत.
दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही,
खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर.
निकुंभ अगदी कळवळून म्हणाला,
पार्किंगशिवाय उद्या विकलं जाणार नाही, काका.
मी म्हणालो, विकायचं नाहीये. पाठ करायचंय.

तर पाठ करतोय.
जिना: अकरा, वळण, अकरा. खालून तिसऱ्या पायरीशी कठड्याला खिळा.
गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचा कोळसा, तो नाकाने.
तिथून डावीकडे एकशे चाळीस पावलांवर केमिस्ट,
मध्ये गटारावरची फरशी, पाय पडला की टक्‌ बोलते.
बेकरीचा वास सकाळी सहा ते आठ, नंतर विश्वास ठेवू नये.
वाचनालय सातशे बारा; मृदुला बरोबर असली तर आठशे,
ती बोलते आणि पावलं लहान होतात.
नदी उताराने कळते. गुडघे सांगतात.

काल संध्याकाळी घारपुरे घाटाकडून येताना
तिने काही न बोलता माझी बाही धरली.
बघतो तर डोळे मिटलेले.
तशीच चालत राहिली, रिक्षा, सायकली, फुटाणेवाला,
सगळं अंगावर येऊ देत.
फरशी टक्‌ बोलली तेव्हा म्हणाली,
आलं. वळा.

आज सकाळी महापालिकेने ती फरशी काढून
नवी बसवली, गुळगुळीत, मुकी.
मी खाली उतरून मुकादमाशी अर्धा तास भांडलो.
साहेब, चांगली तर बसवलीय, तो म्हणत राहिला.
खरंच चांगली होती.

आता पुन्हा पहिल्यापासून.
गल्लीचं तोंड. कोळसा. एक. दोन.