आ नऊ

महिन्याचा शेवटचा शनिवार.
बिंदू चौकाच्या मागं, शाळेच्या वरच्या खोलीत
आम्ही जमतो, आपापल्या यष्ट्या उतरून :
गारगोटी, शिरोळ, गडहिंग्लज; मी मलकापूरची.
न दिसणाऱ्या पोरांना शिकवणारं
तालुक्यात एकेकटंच माणूस.
तिथल्या शिक्षकखोलीत विचारतात, तुमची पोरं किती?
चार म्हटलं की, "मग आराम हाय की वो."
इथं चार म्हटलं की शमशादबाई विचारतात,
"चारी चार गावांत?"

मग पिशव्या उघडतात.
विलासिनीनं आणलाय सासऱ्यांच्या गोळ्यांचा रिकामा पत्ता,
दोन रांगा, तीन-तीन खळगे;
हरभरे ठेवत गेलं की सगळी मुळाक्षरं बसतात त्यात.
मी आणलीय पंचगंगा, पुठ्ठ्यावर :
कासारी सुतळीची, कुंभी लोकरीची, तुळशी, भोगावती,
सरस्वतीला काही सापडेना,
म्हणून डिंकाची रेघ, बोटाला जेमतेम लागणारी.
कवठेकर सर जन्मापासून बोटांनीच बघतात.
पुठ्ठ्यावरून हात फिरवून म्हणाले,
"कुंभी अशी वळवलीस तर माझं गाव कोरडं पडंल की गं."

जाड कागदाच्या गठ्ठ्यावरून भांडण झालं. दर वेळी होतं.
कुणी नेला, वहीत सही नाही.

शेवटी मी पिशवीच्या तळातलं काढलं.
माझी संचिता, दुसरीतली, परवा वाचत होती :
"आई आ नऊ बाबा."
तीनदा वाचलं. तीनदा मी चूक म्हणाले.
चौथ्यांदा तिनं पानावरचा हातच उचलला.
रात्री घरी ठिपके मोजले.
ण म्हणजे तीन, चार, पाच, सहा.
पुढं आकडा आहे, हे सांगणारी खूणही तीच.
त्यापुढची पहिली वेलांटी म्हणजे हुबेहूब नऊ.
अंक मीच शिकवले होते, आदल्याच आठवड्यात.
पोरगी बरोबर वाचत होती.
मला डोळे, मला शब्द आधीच ठाऊक.

कुणी बोलेना.
मग शमशादबाई, खाली बघत :
"माझा इरफान गणिताला ग-नऊ-त म्हणायचा.
दोन वर्षं मठ्ठ समजले मी त्याला."
सर म्हणाले, "शब्दाच्या पोटात आकडा येत नसतो, एवढंच सांग.
पण आधी माफी माग."

चहा. हजेरी. आठ.
बाबगोंडा मगदुमांचा करार मार्चात संपला, पुढचा आलाच नाही;
आता शाहूपुरीत मेव्हण्याच्या गुळाच्या अडतीवर बसतात.
नाव खोडायचं का, विलासिनीनं विचारलं,
तेवढ्यात जिन्यावर धापा,
एका हातात गुळाचा खडा, काखेत गठ्ठा :
"माझ्याकडंच ऱ्हायला हुता वो, मार्चपास्नं.
आतल्या घडीचा एकबी कागद मोडला न्हाई."

वही माझ्याकडं आली.
आठ नावांखाली मी लिहिलं, आणि.
उगाच त्यावरून बोट फिरवलं.
शाईचं होतं. काही लागलं नाही.